माझ्या मुठीच्या मापाची सुई

ह्यांच्या सरकारी कारखान्यात लाकडी साच्यांचा विभाग होता. यंत्राचा भाग लोखंडात ओतण्याआधी हुबेहूब लाकडात घडवायचा, हे ह्यांचं काम. उमेदवारीला तिथे लागले आणि तिथेच केस पिकले. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरून तयार यंत्रं यायला लागली आणि कारखान्याला एवढी माणसं जड झाली. स्वेच्छानिवृत्ती निघाली. सही करून हे घरी आले, हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि म्हणाले, "झालं."

बरकतपुऱ्यात आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायचो. लेकीचं लग्न झालेलं, घरात आम्ही दोघंच. समोरचा जुना बंगला पाडून तिथे अपार्टमेंट व्हायचं होतं. हे दिवसभर खिडकीशी बसून ते पाडकाम बघायचे. काही विचारलं तर "हौ" म्हणायचे, पुढे शब्द नाही.

त्यातच चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारात माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती मिटेनात. लहानपणापासून मला क्रोशाचा नाद. रुमाल, तोरणं, लेकीची झबली, सगळं माझ्या हातचं. आता ती बारीक स्टीलची सुई बोटांतून निसटायची. एका दुपारी मी ती भिंतीवर भिरकावली आणि रडायला लागले.

हे खिडकीपासून उठले. सुई उचलली. "हात दाखव," म्हणाले. माझी बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून गेले आणि पाडलेल्या खिडकीचा सागवानी तुकडा घेऊन आले. "मुकादम म्हणाला, लेके जाओ साब, जलाने कूच जाता. नाहीतर जाळणारच होते," असं सांगत त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या तोंडून सलग वाक्य ऐकत होते.

त्या तुकड्यातून कोरलेली पहिली सुई फसली. दोरा अडकायचा आणि टोक तर लगेच मोडलं. "सागाचे तंतू उठतात. दाराखिडक्यांना ठीक, असल्या बारीक टोकाला नाही," असं पुटपुटत हे अफझलगंजकडे जुन्या लाकडाच्या वखारीत गेले. तिथून पलंगाचा एक शिसवी पाय आणला. वखारवाल्याने विचारलं होतं म्हणे, "साब, एक पाय का पलंग बनाते क्या?"

शिसवाची सुई गुळगुळीत झाली, दोरा झरझर सुटायला लागला. पण दांडी पुन्हा निसटायची. मी नको म्हटलं, हे ऐकेनात.

मग एका सकाळी मी डाव्या हाताने कणीक मळत होते. उजव्या हाताने परात धरायला गेले आणि गोळ्यावर बोटं उमटली. हे पाणी प्यायला आत आले होते, ते तिथेच थबकले.

"तो गोळा मुठीत धर. सुई धरतेस तसा."

"अहो, पोळ्या व्हायच्यात अजून."

"पोळ्या राहू देत. धर आधी."

मी धरला. त्यांनी तो अलगद काढून घेतला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला. अंगठा कुठे टेकतो, करंगळी कुठे सुटते, सगळं त्यात उमटलं होतं. त्या दिवशी आम्ही नुसता भात जेवलो.

त्या गोळ्यावरून त्यांनी जाड दांडी कोरली. बोटांना खाचा, अंगठ्याला बैठक. काचकागदाने घासली, अळशीचं तेल चोळलं. मी हातात घेतली तर ती जागच्या जागी बसली. पहिली साखळी वाकडी झाली, दुसरीही. हे समोर उकिडवे बसून विचारत होते, "कुठे रुततंय? खरं सांग."

"करंगळीशी थोडं."

"आण इकडे."

दोनतीनदा ती अशी परत गेली, आणि मग मी विणत राहिले.

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंची बोटं संधिवाताने आखडलेली. त्यांनी ती सुई पाहिली आणि तेलुगूत म्हणाल्या, "नाकु कूडा ओकटी." मलाही एक हवी. मी त्यांच्यापुढे कणकेचं ताट धरलं. पुढे माझ्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भरतकामाच्या सुईला अशी मूठ होईल का? शिवण उसवायच्या हत्याराला? हे स्टीलच्या डब्यात कणीक घेऊन लोकांच्या घरी जायला लागले. शहरात जुनी घरं पडत होती, लाकडाला तोटा नव्हता.

एकदा त्यांचे कारखान्यातले एक सोबती आले. तेही घरीच बसलेले. मागच्या अंगणात एक दांडी उचलून त्यांनी वास घेतला. "शिसव?"

"पलंगाचा पाय."

दोघं खूप हसले. सोमवारी ते आपली पटाशी घेऊनच आले.

माझं मनगट आजही पुरतं वळत नाही. तरी त्या थंडीत नातवासाठी टोपडं विणून झालं. अंगणात दोघांचा वाद चालला होता, कुणा डावखुऱ्या बाईंच्या अंगठ्याला खाच किती खोल द्यायची यावर. आवाज पार रस्त्यापर्यंत जात होते. मी चहा नेऊन ठेवला. तो निवला तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.