वळणावरची तूर

मुलगी मोटारसायकल घेणार म्हणाली तेव्हा घरात सगळ्यात मोठा विरोध माझा होता, आणि तिला शिकवायला सगळ्यात आधी उठलो तोही मीच. ती अक्कलकोटच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावात शिक्षिका आहे. एसटीची वेळ आणि शाळेची घंटा कधी जुळली नाही. "अप्पा, तुमी शिकवा, नाहीतर मी मैत्रिणीकडून शिकते," ती म्हणाली. ही सरळ धमकी होती आणि मी धमकीला घाबरणारा माणूस आहे.

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीमागं मोकळे प्लॉट आहेत. तिथं बांधकामाची वाळू सांडलेली असते. रविवारी सकाळी आम्ही तिथं वळणं घ्यायचो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. नजर जिथं जायचंय तिथं ठेवायची, चाकाखाली नाही. कोपर सैल. आणि पुढचं चाक घसरलंच तर हँडल आवळायचं नाही, पाय टेकायचा नाही, ब्रेक तर अजिबात दाबायचा नाही. चाक फिरत राहिलं तर ते परत रस्ता पकडतं, अडकलं की गाडी आडवी. हे मी इतक्यांदा सांगितलं की ती वैतागून म्हणाली, "काही करायचं नाही, एवढंच ना? ते किती दिवस शिकवताय?" वाळूवर ती चांगली आपटली. मग एकदा घसरली आणि सावरली. मी टाळ्या वाजवल्या.

पहिला आठवडा मी स्कूटरवर तिच्या मागून जायचं असं ठरलं होतं. आठवडा संपला, मी काही थांबलो नाही. तिला कळू नये म्हणून जरा लांबून जायचो, एवढंच. बायको म्हणायची, "ती पडायची असली तर तुमी काय मागून झेलणार हाय का?" तरी सकाळ झाली की स्कूटर काढायचो.

थंडीत तूर निघते. आमच्याकडं ती डांबरी रस्त्यावर पसरतात. वरून गाड्या जातात, शेंगा फुटतात, मळणी होऊन जाते. माझ्या मामांनीही वर्षानुवर्षं हेच केलं. वरून नुसती काडं दिसतात, पण खाली सुटलेले गोल, टणक दाणे असतात. दुचाकीच्या पुढच्या चाकाला याहून वाईट जागा नाही.

त्या दिवशी मी उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो आणि ती पुढं निघून गेली. हमरस्ता सोडून आत आलो आणि चढावरून खाली बघितलं. ती वळणाशी पोचली होती, आणि ऐन वळणावर तिच्या बाजूचा अर्धा रस्ता तुरीनं झाकलेला होता. उरलेल्या अर्ध्यातून टेम्पो येत होता.

माझा अंगठा हॉर्नवर गेला. पण हॉर्न ऐकून ती मागं बघणार, आणि वळणात मागं बघितलं की संपलंच. अंगठा तसाच राहिला. ओरडून उपयोग नव्हता. देवाचं नावसुद्धा आठवेना. मी तिच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्याकडं बघत राहिलो. ब्रेक दाबला की तो उजळतो. वळणाच्या आधी तो उजळला आणि मंदावला. मग चाक तुरीवर गेलं. ते बाहेरच्या बाजूला सरकलं, हँडल थरथरलं, गाडी चरीकडं ओढली गेली. उजळू नको, उजळू नको, एवढंच माझ्या तोंडात. दिवा उजळला नाही. गाडी डुलली, सरळ झाली, टेम्पो शेजारून गेला आणि ती काडांतून बाहेर पडून निघून गेली.

मी तिच्याकडं बघत होतो, माझ्या रस्त्याकडं कोण बघणार? तुरीवर आलो आणि हातानं कचकन ब्रेक दाबला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी काडांत आडवा झालो.

शेतातून नवरा-बायको धावत आले. बाईनं मला उठवलं. "लई लागलं का, काका?" मी भांडायला तोंड उघडलं, "वळणावर तूर घालतात होय?"

"मग कुटं घालू? खळं न्हाय राहिलं," नवरा म्हणाला. "हितं गाड्या हळू व्हत्यात. दाणा चिरडत न्हाय."

माझा राग तिथंच विरून गेला. लंगडत स्कूटर वळवली आणि घरी आलो.

संध्याकाळी मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसलो होतो. मुलगी आली आणि आईला सगळं रंगवून सांगू लागली, चाक कसं घसरलं, आपण कसं काही केलं नाही. मग माझ्याकडं वळली. "अप्पा, स्कूटरमध्ये तुरीची काडं अडकलीत. तुमी ब्रेक दाबला ना?"

मी मान हलवली. हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तुमी रोज मागं असता ते मला दिसतं की. प्रत्येक वळणात मी आरशात बघते, तुमी नीट वळलात का म्हणून. आज तुमी दिसला नाहीत, म्हणून समोर बघितलं."

मी सदऱ्याची बाही वर सरकवली आणि खरचटलेलं कोपर तिला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी काढली, पोचल्यावर फोन करते म्हणाली. मी फोन हातात धरून जिन्यावर बसलो. बायको चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"इतके दिवस मी दोघांची वाट बघत बसायची," ती म्हणाली. "आता एकीचीच."