मुनिरकातली पहिली टोपली

आमच्या वर्गात पानं कमी उलटतात आणि किस्से जास्त साचतात. बुद्धवचनांच्या तीन टोपल्या, म्हणजे तिन्ही पिटकं, वर्षभरात वाचून काढायची या जिद्दीने मी राजधानीतल्या मुनिरका भागात, माझ्या भाड्याच्या खोलीत रविवारचा वर्ग काढला. वर्ष संपलं. आम्ही अजून पहिल्याच टोपलीत आहोत.

नियमित येणारे दोघंच. केंद्र सरकारच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेले कांबळेकाका आणि कॅन्टोन्मेंटमधून येणाऱ्या सुभेदारांच्या मीनाताई.

*

मी तावातावाने सांगत होतो, की बुद्धांनंतर भिक्षू जमले आणि त्यांचा शिष्य आनंद याने सगळी सुत्तं, म्हणजे बुद्धांची प्रवचनं, तोंडपाठ म्हणून दाखवली.

"मीटिंग झाली, ठीक," काका म्हणाले. "मिनिट्स कुठायत?"

"काका, शेकडो वर्षं काही लिहिलेलंच नव्हतं."

"आणि तरी काम पुढे सरकलं?"

*

बारीकसारीक नियम हवे तर सोडा, असं बुद्ध आनंदाला म्हणाले होते. बारीकसारीक म्हणजे नेमके कोणते, ते विचारायचं आनंदाकडून राहिलं. म्हणून भिक्षूंनी सगळेच नियम चालू ठेवले.

काकांनी चष्मा काढला. "तीस वर्षं वंदना म्हणतोय. आज पहिल्यांदा वाटलं, ही तर आमच्याच सेक्शनची माणसं."

*

भिक्षू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हा नियम मीनाताईंनी लगेच उचलला. वर्ग अकराला, डबा साडेअकराला.

"ताई, आपण भिक्षू नाही."

"मग काय झालं? गार थालीपीठ त्यांना तरी कुठे आवडत असेल?"

तेव्हापासून ध्यान जेवणानंतर असतं. फार छान लागतं. काकांचं घोरण्यापर्यंत लागतं.

*

थेरवाद, महायान, वज्रयान या शाखा समजावताना कागद पुरेना. मी मार्कर घेऊन भिंतीवरच झाड काढलं. तिबेट पंख्यापर्यंत गेलं, जपान खिडकीपाशी वळवावं लागलं. मागे वळलो तर दारात घरमालक चौधरीजी, नजर भिंतीच्या नव्या रंगावर.

"दिवाली पे पुताई कराई थी. इतवार को कमरा खाली चाहिए."

आठवडाभर हिंडलो. 'वर्ग' म्हटलं की कोणी खोली देईना. माझ्या मते वर्ग संपला होता.

*

रविवारी चौधरीजी आले तेव्हा आम्ही ध्यानाला बसलो होतो. मीनाताई डोळे न उघडता म्हणाल्या, "बीस मिनट बैठिए, भाईसाब. फिर झगड़ा करते हैं."

ते बसले. वीस मिनिटांनी आम्ही उठलो, ते उठले नाहीत. बऱ्याच वेळाने चपला घालत म्हणाले, "अगले इतवार देखता हूँ."

पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही.

परवा काकांची बस चुकली, ध्यान खोळंबलं. चौधरीजी मांडी घालून, भिंतीवरच्या झाडाला टेकून ताटकळत होते. काका दारात दिसले तशी त्यांनी सतरंजी थोपटली.

"जल्दी बैठो भाई, मुझे कमरा खाली करवाना है."