अलिबागची साक्ष

मी नवी मुंबईतल्या उलव्याला निघाले त्या सकाळी माझे वडील, आबा, माझी बॅग डोक्यावर घेऊन पोयनाडच्या स्टँडपर्यंत आले होते. एसटी दिसल्यावर म्हणाले, "नवा मुलूख हाय. कमी बोल, जास्त ऐक." मी मुळातच मुखदुर्बळ, त्यामुळे सल्ला पाळायला कष्ट नव्हते.

न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात डेटा एंट्रीचं काम मिळालं. दिवसभर गेटपास, सील नंबर आणि ड्रायव्हरांचं "मॅडम, जल्दी करो ना." रूमवर आलं की भिंती खायला उठायच्या. शेजारच्या नर्सने एका रविवारी प्रार्थनेला नेलं आणि मी जातच राहिले. वर्षभराने चारचौघांत उभी राहून म्हणाले, माझा येशूवर विश्वास आहे. जन्मात पहिल्यांदा पोटभर बोलल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. येशूचे पहिले शिष्य साधे मासे धरणारे. गप्प बसा म्हणून तुरुंगात टाकलं, तरी सुटल्यावर पुन्हा लोकांत जाऊन बोलायला उभे. आमच्या चर्चचे पाळक हे सांगायला लागले की मला बसवत नाही. दवाखान्यात, कँटीनमध्ये, बसस्टॉपवर मी बोलते. कुणी ऐकतं, कुणी हसतं. एका ड्रायव्हरने तर हातच जोडले, "मॅडम, पहले गेटपास!"

गावी मात्र चकार शब्द नाही. गणपतीला जायचं, आरतीच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायचं आणि दोन दिवसांत परत. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांच्याकडेही घरी न सांगितलेलं काहीबाही असेलच.

यंदा भातकापणीला आबांचा फोन आला, रविवारी ये. मी घाईत म्हणाले, "नाही जमणार, अलिबागला साक्ष द्यायची आहे." देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं, याला आमच्या मंडळीत साक्ष म्हणतात. आबांच्या लेखी अलिबाग म्हणजे कोर्ट. बांधाच्या भांडणात त्यांची निम्मी हयात तिथल्या बाकावर गेलेली. "कुनी अडकवलं तुला? शाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, पोरी!" रविवारी कोर्ट बंद असतं, हेही घाबरून त्यांच्या ध्यानात आलं नाही.

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "काळजी करू नका, छोटीशी केस आहे."

अलिबागच्या प्रार्थनासभेत मी छान बोलले. लोक भेटून कौतुक करून गेले. आठवड्याने आईचा फोन आला, "तुजी केस सुटंपातूर आबांनी च्या सोडलाय. डोकं धरून बसतात." मला माझीच किळस आली. तुरुंगाला न भिणाऱ्यांच्या गोष्टी सांगत हिंडणारी मी, बापाला भ्याले होते.

पुढच्याच सुट्टीला गेले. आबा खळ्यात भात झोडत होते. "आबा, केस नाही. कधीच नव्हती," मी म्हणाले आणि येशूवरच्या विश्वासाचं, साक्षीचं सांगून टाकलं. ते पेंढी हातात धरून ऐकत राहिले.

"यार्डातल्यांना हे ठावं हाय?"

"हो."

"अलिबागवाल्यांना?"

"हो."

"म्हंजे परक्यांना आदी सांगितलंस. बाप शेवटी."

देव, धर्म, लोक काय म्हणतील, सगळ्यांची उत्तरं मी पाठ करून गेले होते. त्यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. तिथेच बसून रडले. पेंढी खाली ठेवून ते म्हणाले, "आज मला ऐकवत न्हाय. तुज्या येशूचं फुडल्या खेपेला सांग. पन खोटं नको."

दूर गेल्यावर घराची ओढ कमी होते म्हणतात. माझी वाढली आहे आणि भीतीही. माझ्या खोट्याचा उपास जिथे बापाला घडला, ते माझं घर. येत्या रविवारी मंडळीत बोलायची पाळी मी दुसरीला दिली आहे. आबांसमोर जाऊन बसणार आहे, आणि पहिलं वाक्य अजून सापडलेलं नाही.