वड्याकडच्या रानाची तोड

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात तो टीम लीड. एका साखर कारखान्यासाठी ॲप करायचं होतं. शेतकऱ्यानं मोबाइलवर साधा प्रश्न टाकायचा, 'माळावरच्या उसाला तोड कवा?', आणि ॲपनं त्यातले शब्द सुटे करून डेटाबेसला नेमकं तेवढंच विचारायचं. जावातला तो सगळा कोड माझा. मी उंब्रजची. आमच्याकडं रानाला गट नंबरानं कुणी ओळखत नाही. माळावरचं, वड्याकडचं म्हणजे ओढ्याकाठचं, थोरल्या विहिरीचं, अशीच नावं. म्हणून प्रत्येकाच्या रानाचं नाव मी त्याच्या गट नंबराला जोडलं होतं.

लीडनं ते सगळं उपटून टाकलं. असला गावठी कचरा क्लाउडवर चढवायचा नाही, म्हणाला, लोक टाकतील गट नंबर. मी बजावलं, की न कळलेला शब्द कोड सोडून देतो, मग अख्ख्या गावाचा ऊस पुढ्यात येईल. पण ऐकतोय कोण? वर हे सगळं आपणच केलं असं साहेबांना कळवून आला. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या वाट्याची बढती त्याला मिळायची ठरली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी माझा जुना कोड लॅपटॉपवर वेगळा चालू ठेवला आणि गप्प बसले.

कारखान्यावर ॲप दाखवायला गेलो, तेव्हा आमचे साहेबही होते. वयस्कर चेअरमननी फोन घेतला आणि आपल्या वड्याकडच्या रानाची तोड विचारली. पडद्यावर अख्ख्या गावाच्या तारखा आल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"मी माझं रान विचारतोय," चेअरमन म्हणाले, "गावची पाटीलकी न्हाई."

लीड नेटवर्कला दोष देत घाम पुसत होता. मला लय बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? शेवटी तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, तुझा कोड लाव.

"लावते की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आधी चेअरमनसाहेबांना सांगा, तो कुणी लिहिलाय."

तो घुटमळला. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"हिनं लिहिलाय," तो खाली बघत म्हणाला. "मी काढून टाकला होता."

"जरा मोठ्यानं, सर. मागं ऐकू आलं नाही."

मागच्या खुर्च्यांवर कुणीच नव्हतं. तरी त्यानं पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं मी लॅपटॉप उघडला.