निवडून घेतलेले शंभर दाणे

उदगीरच्या गुरुबसप्पांची वर्षाराणी नेमकं काय काम करते, हे तिच्या बापालाही धड सांगता यायचं नाही. ती पुण्यात होती तोवर ठीक होतं. "सॉफ्टवेअर इंजिनिअर हाय," म्हटलं की समोरचा मान हलवायचा, विषय संपायचा. सात वर्षं तिनं कोड लिहिला. मग कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हिचाही नंबर लागला आणि बाई लॅपटॉप घेऊन घरी आल्या. पण रिकामी बसणाऱ्यातली ती नव्हे. आधी नांदेडच्या एका हळद व्यापाऱ्याकडं, मग उदगीरच्याच एका डाळमिलमध्ये, काम कुठं अडतंय ते बघून सल्ला द्यायचा धंदा तिनं सुरू केला. चार दिवस जायचं, माणसांचं ऐकायचं, अहवाल द्यायचा, निघायचं. "म्हंजे सांगायचं अन् पळायचं," अप्पा म्हणायचे. तिला राग यायचा, कारण ते खरं होतं.

यंदा लातूरच्या एका शेतकरी कंपनीनं तिला बोलावलं. काम सरळ होतं. लोक घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतात. ते उगवणार की नाही हे पेरणीआधी कळायला हवं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाचव्या दिवशी उघडून किती मोड आले ते मोजायचं. मोड सत्तरच्या वर असले तर बिनघोर पेरा, मधले असले तर बी थोडं जास्त टाका, साठच्या खाली गेले तर ते बी मातीत घालूच नका. गावोगावच्या बायांनी ही मोजणी फोटोसकट नोंदवावी असं ॲप वर्षाराणीनं बांधून घेतलं. संचालक शिवप्रसाद खूश होते. "एवढा हंगाम नीट पार पडू द्या मॅडम, मग तुम्ही आमच्या कायमच्या प्रॉडक्ट मॅनेजर." हे पद म्हणजे काय, ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकानं विचारलंसुद्धा, "म्हंजे ॲपच्या मालकीण का?" ती हसली, पण तिला ते पद जीव तोडून हवं होतं. दुसऱ्यानं सांगितलेलं बांधून देण्याचा तिला वीट आला होता; काय बांधायचं ते आता तिला स्वतः ठरवायचं होतं.

मेअखेर अकरा गावांचे आकडे आले. चौऱ्याण्णव, शहाण्णव, त्र्याण्णव. शिवप्रसादांनी मेळाव्यात ते माइकवरून वाचून दाखवले, टाळ्या घेतल्या. सोमवारी सगळ्या गावांना 'पेरा' असा संदेश जाणार होता.

वर्षाराणीला मात्र ते आकडे पटेनात. मागच्या साली ऐन काढणीत सोयाबीन आठ दिवस भिजलं होतं. त्या मालाला शहाण्णव मोड? शुक्रवारचा अख्खा दिवस तिनं कोड ओळीनं तपासला. एक चूक सापडेल तर शपथ! पुण्यात असती तर लॅपटॉप मिटून जेवायला गेली असती. शनिवारी सकाळी तिनं गाडी काढली आणि जळकोटच्या अलीकडचं गाव गाठलं. सगळ्यात जास्त आकडा तिथल्या धोंडाबाईंचा होता.

धोंडाबाई साठीच्या. बियाणं राखण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मावशी, दाणे कसे मांडलेत ते मला एकदा करून दाखवा," वर्षाराणी म्हणाली. धोंडाबाईंनी पोत्यातून ओंजळभर सोयाबीन सुपात घेतलं, पाखडलं, आणि टपोरे, गोल, चकचकीत दाणे एकेक करून वेचायला लागल्या. फुटके, सुरकुतलेले, काळे पडलेले बाजूला गेले. त्या बाजूच्या ढिगाकडं वर्षाराणीनं बोट केलं.

"मावशी, निवडून का घेताय?"

"आता गं माय! काळ्या आईला फुटका दाणा देत्यात व्हय? माझ्या सासूनं हाताला वळण लावलंय."

"आणि पेरताना?"

"पेरताना काय, ट्रॅक्टरच्या पेटीत पोतं ओतायचं. तितं कोण निवडीत बसतंय!"

झालं! अकराही गावांत हेच झालं असणार. बायांनी लबाडी केली नव्हती, उलट मनापासून चांगलं काम केलं होतं. ॲपवर 'शंभर दाणे घ्या' एवढंच लिहिलं होतं. कसे घ्या, हे वर्षाराणीला सुचलंच नव्हतं. रस्त्यात गाडी थांबवून ती स्वतःवर मनसोक्त चिडली.

शिवप्रसादांनी रविवार असूनही भेट दिली, पण ऐकताना त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढतच गेल्या.

"ॲपमध्ये बिघाड आहे का?"

"नाही सर."

"मग तुमचं काम झालं. अहवाल द्या अन् मोकळ्या व्हा."

"सगळी तपासणी परत करायला लागेल. पाच दिवस पेरणी थांबवा."

"पाच दिवस! आभाळ बघितलं का तुम्ही? आज ना उद्या पाऊस पडेल. लोक थांबले, पेरणीजोगी ओल गेली, वाफसा निघून गेला, तर शिव्या कुणाला? मला! तुम्ही तर उदगीरला निघून जाल."

हे तिला झोंबलं. अप्पा म्हणायचे तेच हा माणूस बोलत होता. "ॲपवर तुमच्याऐवजी माझा नंबर टाका," ती म्हणाली. "उद्याच्या संदेशात 'पेरा'च्या जागी 'थांबा' लिहा आणि खाली माझं नाव द्या." शिवप्रसादांनी संदेश बदलायला घेतला. "आकडे तेच आले तर परत या ऑफिसची पायरी चढू नका," ते म्हणाले.

ते पाच दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. नवी सूचना एका ओळीची होती: डोळे मिटून पोत्यातून मूठ भरा, येईल तो दाणा मांडा. पण ती घेऊन वर्षाराणी पहिल्याच दिवशी स्वतः अकराही गावं फिरली, कारण फोनवर सांगून जुनी सवय सुटणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. "मॅडम, ट्रॅक्टर दारात उभा करून राहिलो, अन् तुम्ही थांबा म्हणता?" तिसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात पाऊस झाला. चौथ्या दिवशी तिच्या हद्दीतही सर आली आणि दोन गावांनी, त्यात धोंडाबाईंच्याही गावानं, सांगून टाकलं, उद्या दुपारपर्यंत बघू, मग आम्ही मोकळे. कदाचित आपलंच चुकत असेल, हे तिच्या मनातून जाईना.

पाचव्या दिवशी सकाळी आकडे यायला लागले. सहासष्ट. अठ्ठावन्न. एकाहत्तर. एकोणपन्नास. धोंडाबाईंच्या ओसरीवर गोणपाट उघडलं तेव्हा वर्षाराणी समोर होती. धोंडाबाईंनी दोनदा मोजलं. सत्तावन्न.

तेवढ्यात शिवप्रसादांचा फोन आला. "मॅडम, अर्ध्या गावांचं बियाणं गेलं असतं हो मातीत. चांगल्या गावांकडचं बी इकडं कसं फिरवायचं ते बघा. तुम्हीच बघायचं आता, पत्र उद्या देतो." जे हवं होतं ते मिळालं होतं. ती नुसतं "हो सर" म्हणाली. समोर धोंडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"मावशी, दुसरं बी आज संध्याकाळपर्यंत आणून देते. माझी जबाबदारी."

"माझ्या एकटीचं न्हाई गं. मी दिलंय की लोकान्ला." धोंडाबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं. दिराच्या सुनेला, आरतीला, दोन पोती. शेषेरावाला तीन. वरल्या आळीत आणखी दोन घरं. शहाण्णव आकडा आला म्हणून त्यांनी मिरवत मिरवत दिलं होतं.

"मी जाऊन सांगते त्यांना," वर्षाराणी उठली.

"बस खाली. तुजं ऐकून कोण थांबंल?" धोंडाबाईंनी पदर खोचला आणि पायात चपला न घालताच निघाल्या. आरतीच्या दारात ट्रॅक्टर घुरघुरत होता, पेटीचं झाकण उघडं होतं, आरती पोत्याची शिवण उसवत होती. धोंडाबाईंनी पुढं होऊन पोत्याच्या तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षांत त्या बाईनं आपल्या बियाण्याबद्दल वावगा शब्द ऐकून घेतला नव्हता.

"आरते, वतू नको," त्या म्हणाल्या. "माझं बी मेलंय."