अक्कानं निवडलेली गाडी

अक्काचा उजवा गुडघा माझ्यामुळे मोडला.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. वरचं पहिलं वाक्य मी अक्का सोडून कधी कुणाला सरळ सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच लिहिलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मुग्धाची आई. कोर्टाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये तिनं अख्खी नोकरी काढली. तारीख वाचल्याशिवाय दुधाची पिशवीसुद्धा घ्यायची नाही.

तेरा वर्षांपूर्वी मलकपेठला रेसकोर्सच्या बाजूनं मी तिला मागे बसवून जोरात निघालो होतो. वळणावर रेती पडलेली.

ब्रेक दाबला. गाडी घसरली.

मला खरचटलं. साडीत एका बाजूला बसलेली अक्का लांब फेकली गेली. ऑपरेशन झालं, रॉड बसला, पण गुडघा पुरता वाकला नाही तो नाहीच.

पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला मी ती गाडी देऊन टाकली. मग अकरा वर्षं बस, मेट्रो, ऑटो.

घरात यावर कुणी बोललं नाही. अक्का तर नाहीच नाही.

नंतर आमचं ऑफिस पार शहराबाहेर गेलं. दोन बस बदलून जायचं, तसंच परत यायचं. मी मोबाईलवर गुपचूप सेकंडहँड गाड्या बघायला लागलो. बायकोनं, सुलभानं, ते पाहिलं आणि अक्काला सांगितलं.

अक्काचा फोन आला. रविवारी दहाला ये, मी पण येते गाडी बघायला.

मला वाटलं, अडवायला येतेय.

ती सलवार-कमीज घालून, खांद्याला मोठी कापडी पिशवी लावून तयार बसलेली.

पहिली गाडी मलकपेठच्या एका डीलरकडे. साडेतीनशे सीसी, काळी, चकचकीत. इंजिनला हात लावला तर गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच त्यानं ती सुरू करून ठेवलेली. थंड असताना त्रास देत असणार. मला सगळं कळत होतं, तरी मी भुललो होतो.

अक्का मागे बसून बघायला गेली. सीट उंच. पाय काही वर जाईना.

डीलर म्हणाला, "चलाने वाले तो साब हैं ना, आपा."

अक्का शांतपणे म्हणाली, "गिरे तो मैं बी गिरती ना."

अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्यावर बोलली. तेही परक्या माणसाजवळ.

मी चावी काउंटरवर ठेवली.

दुसरी गाडी दिलसुखनगरला, एका कोचिंग क्लासच्या सरांची. गाडी छान होती. पण अक्कानं आरसी मागून-पुढून वाचली आणि विचारलं, यावर बँकेचं नाव अजून कसं? सर म्हणाले, लोन फिटलंय, फक्त एनओसी आणायची राहिलीय. मग आणा, तेव्हा येतो, असं म्हणून ती निघालीसुद्धा.

तिसरी विद्यानगरला, एका रिटायर्ड लेक्चररांची. सव्वाशे सीसी, आठ वर्षं जुनी, टाकीला पोचा पडलेला.

मला मुळीच आवडली नाही.

पण इंजिन थंड होतं आणि बटण दाबताच सुरू झालं. धूर नाही. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. लेक्चरर म्हणाले, डोळ्यांनी साथ सोडली, नाहीतर विकली नसती.

मी गल्लीत एक राउंड मारून आलो. तळहाताला घाम सुटलेला, पण हातपाय काही विसरले नव्हते.

"आता मी बसते," अक्का म्हणाली.

मी म्हणालो, नको, तुला हेल्मेट नाहीये.

तिनं पिशवीतून नवंकोरं हेल्मेट काढलं.

मी तरीही नकोच म्हणालो. लेक्चरर पाणी आणायचं निमित्त करून आत गेले.

"अकरा वर्षं तू मला ऑटोत बसवून देतोस आणि स्वतः मागून बसनं येतोस," अक्का म्हणाली. "मला गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखतं."

मी गाडी सरळ करून धरली.

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली. सीट खाली होती. पाय पलीकडे गेला.

युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर, झाडांच्या सावलीतून, मी वीसच्या स्पीडनं निघालो.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "अरे, गिअर तरी बदल."

बदलला.

परत आल्यावर तिनं निकाल दिला. मागे धरायला दांडी आहे, पाय टेकायला नीट जागा आहे, पाठीला हिसका बसत नाही. हीच घ्यायची.

हीच घेतली. बजेटमध्ये बसली, वर टायर नवे टाकता आले.

खरं सांगतो, सेकंडहँड गाडी बघताना आपण इंजिन बघतो, मायलेज बघतो, मागची सीट कुणी बघत नाही. माझ्या बहिणीनं बघितली. मला गाडीवर परत बसवायचं तर आधी स्वतः मागे बसायला हवं, हे तिला पक्कं माहीत होतं.

पुढे आमचे कितीतरी रविवार त्या गाडीवर गेले. भाजीबाजार, तिच्या मैत्रिणी, एकदा तर थांबत थांबत विकाराबाद.

मग तिला कॅन्सर निघाला. फार दिवस मिळाले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये एका दुपारी मी शेवटी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी चूक माझी होती."

तिनं 'जाऊ दे रे' म्हटलं नाही.

"हो, होती," ती म्हणाली. "हळू घे, हळू घे म्हणून मी मागून सांगत होते."

मी मान खाली घातली. तिनं माझा हात ओढून आपल्या हातात घेतला.

"पण परत चालवायला लागलास ना. आता ही विकायची नाही."

नाही विकली, अक्का. आज सकाळी तिच्यावरूनच ऑफिसला आलो. शंभरदा तरी गिअर बदलला असेल, तू मागून न सांगता.

मुग्धा बेटा, तुला मराठी वाचायला जड जातं, हे मामीकडून वाचून घे. तुझी आई अशी होती.

अक्का, तुझ्या धाकट्या भावाचा तुला नमस्कार. हीच माझी श्रद्धांजली.