आ करा, जीभ वर

नामाची नोकरी मी घालवली. तीही माइकवरून, गळ्यात हार असताना, एका विद्यार्थिनीचं कौतुक करायच्या नादात.

टीबीच्या रुग्णांना रोज गोळ्या खायला लावणाऱ्या स्वयंसेवक तरुणांचा सत्कार होता. जोहा शाळेत माझी विद्यार्थिनी, म्हणून तिच्याबद्दल बोलायला मलाच उभं केलं. हशा मिळायला लागला की मी थांबत नाही. म्हणालो, "कामतघरच्या कापडाच्या लूमवर नामा नावाचा पैलवान गडी आहे. टीबीची गोळी दिसली की खाटेखाली लपतो! मग जोहा त्याला पाय धरून बाहेर ओढते!" सभागृह हसून लोळलं. पहिल्या रांगेत जोहाने कपाळावर हात मारला. मला वाटलं, पोरगी लाजली.

संध्याकाळपर्यंत माझ्या भाषणाचा व्हिडिओ घरोघर पोचला. दुसऱ्या दिवशी शेठने नामाला काढलं. नामाच्या खोलीत दोन कामगारांत एकच खाट. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला झोपणार. खाटेच्या त्या भागीदाराने गादी गल्लीत नेऊन जाळली.

जोहा एकवीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील गुलाम हुसेन लूमचे सुटे भाग विकतात. तिच्यासारखी आठ-दहा कॉलेजची पोरं आपणहून हे काम करतात. सकाळी पाळी बदलते तेव्हा ही दारात हजर. गोळी गिळेपर्यंत हलत नाही. "आ करा. जीभ वर. चाचा, गालात दाबलीत, दिसतेय मला." लोक तिला मागून हवालदारीण म्हणतात आणि समोर बेटा. कुणाचं नाव ती कुणाला सांगत नाही. नामाचं मला एकदाच सांगितलं, कारण त्याचा सरकारी मदतीचा अर्ज मराठीत लिहून हवा होता.

नामाचे चार महिने झाले होते, दोन उरले होते. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली होती. त्याच्यापासून आता कुणाला धोका नव्हता. पण गोळ्या मध्येच सोडल्या, तर रोग चिवट होऊन परत येणार होता.

नामा खोली सोडून गायब झाला, म्हणून जोहा अकलोलीला त्याच्या गावच्या घरी गेली. बायको, पार्वती, उंबऱ्यातूनच म्हणाली, "इथं न्हाय आला. टायफॉईड हाय म्हणून मला सांगितलेला त्यानं. आता माझ्या पोरीला शेजारी कोन जवळ घेत न्हाय. तू कशाला आलीस? अजून व्हिडिओ काढायचा हाय?"

अठराव्या दिवशी पत्ता लागला. राहनाळच्या एका गोदामात, चंद्रा असं नाव सांगून, तो खोकी उचलत होता. माफी मागायला मी हट्टाने बरोबर गेलो.

"सर, तुम्ही रिक्षातच बसा," जोहा म्हणाली.

बसलो. पाच मिनिटं.

फाटकापाशी आला तो नामा निम्मा उरला होता. खोकत होता. जोहाने गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "दादा, परत सुरू करू. इथे कुणाला कळणार नाही."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हात पुढे केला. तेवढ्यात मी, डोळ्यांत पाणी वगैरे आणून, रिक्षातून उतरलो आणि ओरडलो, "नामा! माफ कर रे बाबा!"

खोकी उचलणारे चौघे वळले. त्यातला एक हसला, "अरे, हे तर व्हिडिओवाले सर! म्हणजे तो टीबीवाला आपला चंद्रा काय?"

नामाचा हात मागे गेला. "मी न्हाय तो. वळखत न्हाय मी यांना." ट्रकांच्या आड गेला तो गेलाच. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. पाकीट जोहाच्या हातातच राहिलं.

परत येताना मी म्हणालो, "जोहा, आता मी काय करू, सांग."

"सर, तुम्ही घरी बसा, आणि तिथेही बोलू नका."